१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती एमबी? इंटरनेटच्या वेगाचा हिशेब

१०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आणि डाउनलोड करताना पडद्यावर जेमतेम १२ एमबी प्रति सेकंद दिसले, की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पण हे दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची एककं वेगळी आहेत. कंपनी वेग बिटमध्ये सांगते, फाइलचा आकार बाइटमध्ये मोजला जातो आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. हा हिशेब प्रत्येक ग्राहकाला यायलाच हवा. पैसे आपण याच आकड्यांवर मोजतो.

काय लागेल: प्लॅनचा वेग, फाइलचा आकार आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

कृती

१. एकक ओळखा. इंग्रजी अक्षरांत स्मॉल 'बी' असेल तर बिट, कॅपिटल 'बी' असेल तर बाइट. प्लॅनच्या जाहिराती आणि स्पीड टेस्ट बहुधा बिट दाखवतात, तर ब्राउझर आणि फाइल कॉपी करतानाची खिडकी बाइट.

२. किलो, मेगा, गिगा एका पातळीवर आणा. नेटवर्कच्या वेगात प्रत्येक पायरी १००० ची असते. १ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस, आणि ५१२ केबीपीएस म्हणजे ०.५१२ एमबीपीएस. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी पूर्वी किमान ५१२ केबीपीएस वेग पुरे होता. २०२३ मध्ये ती अट २ एमबीपीएस झाली. दोन्ही आकडे एमबीपीएसमध्ये मांडले की अट जवळपास चौपट झाल्याचं लगेच कळतं.

३. बिटचे बाइट करायला ८ ने भागा.
- ४० एमबीपीएस = ५ एमबी प्रति सेकंद
- १०० एमबीपीएस = १२.५ एमबी प्रति सेकंद
- ३०० एमबीपीएस = ३७.५ एमबी प्रति सेकंद
- १ जीबीपीएस = १२५ एमबी प्रति सेकंद

४. बाइटचे बिट करायला ८ ने गुणा. ब्राउझरमध्ये ३ एमबी प्रति सेकंद दिसत असेल, तर प्रत्यक्ष वेग २४ एमबीपीएस आहे.

५. वेळ काढा. फाइलच्या आकाराला बाइटमधल्या वेगाने भागा. ४.५ जीबी म्हणजे ४५०० एमबी. १०० एमबीपीएसवर ४५०० ÷ १२.५ = ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं.

६. दहा टक्के वजा धरा. प्रत्येक पॅकेटबरोबर पत्ता आणि तपासणीची माहितीही जाते, त्यामुळे सगळा वेग फाइलच्या वाट्याला येत नाही. १२.५ ऐवजी ११.२५ धरला, तर हीच फाइल ४०० सेकंदांत, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंदांत उतरेल. वाय-फायवर घट याहून मोठी असू शकते.

७. १०२४ चा फरक लक्षात घ्या. विंडोज फाइलचा आकार १०२४ च्या पटीत मोजते. तिथे ४.५ जीबी दिसणारी फाइल १००० च्या हिशेबात सुमारे ४.८३ जीबी भरते. जीबीतल्या आकड्याला १.०७४ ने गुणलं की काम होतं. घाईच्या अंदाजाला ही पायरी सोडली तरी चालते.

मोबाइलचा प्लॅन तपासताना

रोज १.५ जीबी मिळणारा डेटा ४० एमबीपीएसच्या वेगाने सलग वापरला तर १५०० ÷ ५ = ३०० सेकंदांत, म्हणजे ५ मिनिटांत संपतो. मर्यादा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. ४ एमबीचा एक फोटो उतरायला ५०० सेकंद, आठ मिनिटांहून जास्त वेळ लागेल. 'अमर्यादित' शब्दावर भरवसा ठेवण्याआधी ही आकडेमोड करून पाहा. व्हिडिओ पाठवायचा असेल तर हिशेबात अपलोडचा वेग घ्या. तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असू शकतो.

तक्रार करण्यापूर्वी

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, बाकीची उपकरणं बंद करा आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेग मोजा. २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर आकडा दर वेळी ९४-९५ ला अडत असेल, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे का, केबल खराब आहे का, हे आधी बघा. तिथे दोष नसेल तर प्लॅनचा वेग आणि मोजलेला वेग, दोन्ही एमबीपीएसमध्ये, तारीख-वेळेसह लिहून द्या. एकाच एककातले आकडे समोर असले की कंपनीला उत्तर द्यावंच लागतं.