कुऱ्हाडीचा दांडा

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. उत्तन-भाईंदरकडे झाडे पडली. आमच्या दारातली चिंचही आडवी झाली. सरपण आयतेच आले, म्हणून मी कुऱ्हाड काढली. पाते ढिले होते. दांडा रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी पाते घट्ट बसले. मी खूश!

पण उन्हात दोन तास लाकडे फोडली आणि पाते निसटले. ते थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आदळले. नातू तिथून नुकताच उठला होता.

असे का झाले? पाण्याने लाकूड फुगते. पण नेढ्यात त्याला फुगायला जागा नसते, ते चेपले जाते. मग वाळले की पहिल्यापेक्षाही बारीक होते. म्हणून दांड्याच्या टोकाला चीर पाडून सुकी पाचर ठोकावी. दांडा तडकला असेल तर बदलावा. ओंडका ठोकळ्यावर ठेवावा. घाव चुकला तर पाते ठोकळ्यात रुतते, नडगी वाचते.

आता लाकूड फोडायची यंत्रेही निघाली आहेत. तेलाच्या दाबाने पाचर ओंडक्यात घुसते. पुष्कळ यंत्रांना दोन्ही हात लावावे लागतात. ते हात अडकून राहावेत म्हणूनच! कुणी एक खटका दोरीने बांधून टाकतो आणि मोकळ्या हाताने ओंडका धरतो. मग बोटे जायला कितीसा वेळ? तेलाची नळी गळते का, तेही बोटाने चाचपू नये. दाबाचे तेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

माझ्या कुऱ्हाडीला आता बाभळीचा दांडा आहे. आधी पाते हलवून पाहतो. नातवाला घरात बसवतो, मगच घाव घालतो.