नेम आणि वादळ

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि नंदुरबार शहरापासून पश्चिमेकडे सरळ रेषेत अंतर मोजले, तर समुद्र दीडशे किलोमीटरांहून थोडासाच अधिक दूर आहे. प्रकाशे गावावरून वाहत जाणारी तापी नदी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राच्या खंबायतच्या आखाताला मिळते. त्यामुळे त्या समुद्रावर वादळ उठले, की कधीकधी त्याची चाहूल नवापूर आणि अक्कलकुव्याच्या आकाशातही लागते. ढग दाटतात, वारा झाडे हलवू लागतो आणि चार-सहा दिवस पाऊस थांबत नाही.

अशा आठवड्यात धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांपुढे मोठा प्रश्न उभा राहतो. शाळेच्या मैदानावर चिखल होतो आणि पायवाटेवरचे ओढे फुगतात. एक जण म्हणतो, “पाऊस थांबेपर्यंत सराव बंद.” दुसरा म्हणतो, “वीज पडो की पूर येवो, मी धावणारच.” पहिल्याच्या बोलण्यात आळस आहे आणि दुसऱ्याच्या बोलण्यात अविचार आहे. खरा नेम या दोहोंच्या मधून आपली वाट काढतो.

प्रथम शरीराचा विचार करू. रोजच्या धावण्याने हृदय आणि फुप्फुसे बळकट होतात, पायांचे स्नायू कणखर होतात व दमसास वाढतो. हे कमावलेले बळ दोन-चार दिवसांच्या विश्रांतीने नाहीसे होत नाही. दोन-तीन आठवडे हालचाल थांबली, म्हणजे मात्र दमसास स्पष्टपणे घटतो. याचा अर्थ असा, की वादळाचे दोन दिवस मैदानावर न जाण्याने धावपटूचे फारसे नुकसान होत नाही. भय असते ते सवय मोडण्याचे. आज पावसामुळे चुकलेला नेम उद्या थंडीमुळे चुकतो आणि परवा काहीच कारण लागत नाही.

म्हणून सुज्ञ धावपटू सरावाची वेळ पाळतो. सरावाचा प्रकार मात्र आकाशाकडे पाहून ठरवतो. नुसती रिमझिम असेल, तर तो नेहमीप्रमाणे धावतो. मात्र निसरड्या जमिनीवर तो पावले आखूड टाकतो आणि वळणावर वेग कमी करतो. वारा जोराचा असेल, तर जाताना तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावतो, म्हणजे परतताना दमलेल्या व घामेजलेल्या शरीराला वारा पाठीमागून साहाय्य करतो. घरी येताच तो अंग कोरडे करून कपडे बदलतो व ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवतो. कागद पाणी शोषून घेतो आणि बूट लवकर वाळतात.

पण मेघगर्जना ऐकू येताच त्याने मैदान सोडलेच पाहिजे. आवाजाला एक किलोमीटर अंतर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजावे. अशा वेळी उघडे मैदान, एकाकी झाड आणि पाण्याचा काठ ही तिन्ही ठिकाणे घातक असतात. पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. फुगलेल्या ओढ्यात तर कधीही पाऊल टाकू नये. सातपुड्याच्या उतारावरून येणारे पाणी पाहता पाहता वाढते.

अशा दिवशी सूर्यनमस्कार, उठाबशा, दोरीवरच्या उड्या आणि जागच्या जागी धावणे यांसाठी शाळेची एखादी खोली पुरते. अर्ध्या तासात अंगाला घाम फुटतो आणि नेमाचा धागा अखंड राहतो.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटर चालत किंवा धावत शाळेत जात. पुढे सैन्यात गेल्यावर त्यांनी सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन ही दोन्ही अनुभवली. त्यांच्या तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात; ओल्या बुटांनी धावणे हा त्या शर्यतीचा भागच आहे. 2022 साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले!

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बोस्टन शहराची मॅरेथॉन 16 एप्रिल 2018 रोजी झाली, तेव्हा थंडगार पाऊस कोसळत होता आणि समोरून सोसाट्याचा वारा येत होता. कित्येक नामांकित धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली. पुरुषांत जपानचे युकी कावाउची विजयी झाले. ते त्या वेळी एका शाळेत कारकुनाची नोकरी सांभाळून सराव करीत असत. स्त्रियांत अमेरिकेच्या डेझिरी लिंडेन पहिल्या आल्या. आरंभी त्यांना स्वतःलाच शर्यत पूर्ण होईल असे वाटत नव्हते. म्हणून त्यांनी आपली सहधावपटू शॅलेन फ्लॅनगन हिला साहाय्य करण्याची तयारी दाखवली आणि ती मध्येच थांबली तेव्हा तिच्यासाठी वेगही कमी केला. अशा प्रकारे दुसरीला साथ देत देत त्या पुढे गेल्या आणि अखेर जिंकल्या.

वादळ आपल्या हाती नसते. त्यात आपण काय करावे, हे मात्र आपल्या हाती असते. जो धावपटू विजेपुढे माघार घेतो आणि रिमझिमीला सबब करीत नाही, त्यालाच नेमाचा अर्थ कळला असे म्हणावे.

स्वाध्याय

1. आळस आणि अविचार यांची कोणती उदाहरणे पाठात आली आहेत?
2. वीज चमकल्यानंतर बारा सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे किती दूर आहे? अशा वेळी काय करावे?
3. ‘सवय मोडण्याचे भय’ असे लेखकाने का म्हटले आहे?
4. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : दमसास, चाहूल, सबब, अखंड.
5. तुमच्या गावात पावसाची झड लागली आहे असे समजून सात दिवसांच्या व्यायामाचा तक्ता तयार करा.