उपग्रहांवरून स्थाननिश्चिति : आकाशांतील चूक व तिची दुरुस्ती

आमच्या तासगांव तालुक्यांत जमिनीची किंमत काय असते, हें येथील मुलांस निराळें सांगावयास नको. द्राक्षाची एक ओळ कोणाच्या हद्दींत पडते एवढ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशीं बोलेनासे होतात. पूर्वीं मोजणी ३३ फुटी साखळीनें होत असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो एक गुंठा. आज भूकरमापक काठीवर बसविलेलें यंत्र घेऊन बांधावर उभा राहतो. तें यंत्र उपग्रहांचे संदेश घेतें आणि बांधाचा कोपरा नकाशावर उमटतो. खिशांतला फोनही तेंच काम करूं पाहतो. आणि फोनवरील ठिपका शेजाऱ्याच्या बागेंत दिसला म्हणजे कित्येकांचा पारा चढतो. परंतु तो ठिपका कितपत खरा, त्यांत चूक कोठून शिरते आणि ती कशी काढितां येते, याचा विचार फार थोडे लोक करितात. तो आज आपण करूं.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनीं ऐकूं आला हें मोजून ती किती दूर पडली तें आपण सांगतों. उपग्रहांची रीतही हीच आहे. अमेरिकेच्या जीपीएस या योजनेचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘नाविक’ या योजनेचे उपग्रह त्याहून उंच, सुमारें ३६,००० किलोमीटरांवर असतात. त्यांपैकीं पहिला १ जुलै २०१३ रोजीं उडाला. प्रत्येक उपग्रहांत अत्यंत अचूक आण्विक घड्याळ असतें. उपग्रह जणूं सांगतो कीं, ‘मी अमक्या जागीं आहें व माझ्या घड्याळांत अमुक वाजले आहेत.’ हा निरोप रेडिओच्या लहरींवरून प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर वेगानें, खालीं येतो. त्यास किती वेळ लागला तें मोजलें कीं अंतर कळतें. अशीं किमान चार अंतरें मिळालीं म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या यंत्राच्या घड्याळाची चूक हीं चार अज्ञातें सुटतात. चार अज्ञातांस चार समीकरणें लागतात, हें बीजगणिताच्या तासास शिकलेलेंच आहे. मात्र वेळेचा हा हिशेब फार नाजूक आहे. सेकंदाचा एक अब्जावा भाग चुकला तर अंतर ३० सेंटिमीटर चुकतें. दहालक्षावा भाग चुकला तर ३०० मीटर चुकतें.

आतां चूक कोठें शिरते तें पाहूं. निरोप सर्व वाटेनें एकाच वेगानें आला असें आपण धरून चालतों. पोकळींत तें खरें आहे. परंतु जमिनीच्या वर सुमारें ६० किलोमीटरांपासून १,००० किलोमीटरांपर्यंत जी अतिविरळ हवा आहे, तींतील अणूंवर सूर्याचे अतिनील व क्ष-किरण आदळतात आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. या प्रदेशास आयनांबर म्हणतात. इंग्लंडांत एडवर्ड ॲपलटन यांनीं १९२४ सालीं प्रयोगानें त्याचें अस्तित्व दाखविलें आणि १९४७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयाचा व्यासंग केला. त्यांचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथही १९४७ सालचाच.

सुट्या इलेक्ट्रॉनांच्या या गर्दींतून येतांना उपग्रहाचा निरोप किंचित् रेंगाळतो. यंत्र बिचारें समजतें कीं उपग्रहच अधिक दूर आहे. हा उशीर किती? आपल्यापासून उपग्रहापर्यंत एक चौरस मीटर जाडीचा स्तंभ कल्पावा. त्यांत एकावर अठरा शून्यें इतके इलेक्ट्रॉन असले, तर जीपीएसच्या मुख्य लहरीवर अंतर सुमारें १६ मीटरांनीं वाढल्यासारखें भासतें. ही गर्दी दुपारीं दोनच्या सुमारास सर्वांत दाट व पहाटे सर्वांत विरळ असते; आणि सूर्याच्या सुमारें ११ वर्षांच्या चक्रांत सूर्य खवळला असतां ती पुष्कळच वाढते.

त्यांत आपल्या देशाची स्थिति विशेष अवघड आहे. पृथ्वीचें चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातें. याच कारणास्तव थुंबा येथें अग्निबाणाचें केंद्र निवडलें गेलें आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून पहिला अग्निबाण सुटला. या रेषेवर दिवसां इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात व दोन्ही बाजूंस दूर जाऊन पडतात. उत्तरेकडील ढीग अहमदाबाद-भोपाळच्या आकाशांत सांचतो. तासगांव येतें मध्यें, म्हणजे या ढिगाच्या उतारावर. आपल्या माथ्यावरील आकाशाचें हें रान सपाट नसून चढउताराचें आहे; म्हणून युरोप-अमेरिकेंत पुरेसें ठरलेलें साधें गणित येथें तोकडें पडतें.

मग ही चूक काढावी कशी? तिच्या तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ति दोन लहरींची. समजा, येरळेच्या पलीकडून दोन निरोप्ये एकाच क्षणीं निघाले. एक मोकळा आहे व दुसऱ्याच्या डोक्यावर ओझें आहे. पक्क्या रस्त्यावर दोघेही सारखेच चालतात, पण नदीच्या वाळूंत ओझेंवाला अधिक रेंगाळतो. दोघे किती अंतरानें पोंचले हें पाहिलें, तर वाळू न पाहतांही ती किती होती हें सांगतां येतें. उपग्रहही असेच दोन निरोप धाडतो. नाविकच्या ‘एल-५’ लहरीचीं कंपनें सेकंदास सुमारें ११८ कोटी व ‘एस’ लहरीचीं सुमारें २४९ कोटी असतात. नियम असा कीं, उशीर हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. दुसरी संख्या पहिलीच्या सुमारें २.१२ पट आहे व तिचा वर्ग सुमारें साडेचार. म्हणून पहिल्या लहरीचा उशीर दुसरीच्या साडेचार पट होतो. आतां एक उदाहरण घेऊं. दोन्ही लहरींनीं दाखविलेल्या अंतरांत २१ मीटरांचा फरक आला. एस लहरीची चूक एक भाग धरली, तर एल-५ ची साडेचार भाग. फरक साडेतीन भागांचा. २१ ला साडेतीननें भागिलें असतां ६ येतात. म्हणजे एस लहर ६ मीटरांनीं व एल-५ लहर २७ मीटरांनीं चुकली. तेवढे वजा केले कीं खरें अंतर हातीं आलें. फरक १४ मीटरांचा असता तर काय झालें असतें, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें.

ज्या यंत्रांत एकच लहर घेण्याची सोय आहे, त्यास हा लाभ नाहीं. त्यासाठीं जीपीएसचे उपग्रह आठ अंकांचें एक ठोकताळ्याचें सूत्र पाठवितात. परंतु त्यानें सरासरीनें निम्मीच चूक निघते.

दुसरी युक्ति ठाऊक असलेल्या जागेची. एखाद्या पक्क्या खांबाचें स्थान आधींच अचूक ठरविलेलें आहे असें समजा. त्यावरील यंत्रास उपग्रहांनीं कांहीं निराळेंच स्थान दाखविलें, तर तो फरक म्हणजेच त्या क्षणाची चूक. शेजारच्या शेतांतील यंत्राचे निरोपही जवळजवळ त्याच आकाशांतून आलेले असतात. म्हणून तीच दुरुस्ती तेथेंही लागू पडते. भारतीय सर्वेक्षण विभागानें महाराष्ट्रांत अशीं अखंड चालणारीं संदर्भस्थानकें उभारलीं आहेत. भूकरमापकाच्या काठीवरील यंत्र त्यांच्याकडून क्षणोक्षणीं दुरुस्ती घेतें व कांहीं सेंटिमीटरांपर्यंत अचूक होतें. मात्र खांब जितका दूर, तितकें दोघांचें आकाश निराळें आणि तितकी दुरुस्ती लंगडी.

तिसरी युक्ति जाळ्याची. भारतीय विमानतळ प्राधिकरण व अंतराळ संशोधन संस्था यांनीं मिळून ‘गगन’ ही योजना उभारली. देशभर पसरलेलीं १५ संदर्भस्थानकें आकाश मोजीत असतात. जमिनीपासून ३५० किलोमीटर उंचीवर एक कवच कल्पून त्यावर दर पांच अंशांस आडव्या-उभ्या रेषा आंखल्या आहेत. प्रत्येक छेदबिंदूवर निरोपास किती उशीर होतो, आणि त्या आंकड्याचा कितपत भरंवसा धरावा, हें उपग्रहांतून सर्वांस कळविलें जातें. तासगांव ज्या चौकटीखालीं येतें, तिचा एक कोपरा धारवाडाच्या दक्षिणेस, दुसरा वेरुळानजीक, व उरलेले दोन अरबी समुद्रावर येतात. या चार आंकड्यांवरून मधल्या जागेचा आंकडा काढावयाचा. जो कोपरा जवळ, त्याचें वजन अधिक. २८ एप्रिल २०२२ रोजीं राजस्थानांतील किशनगड येथें ‘गगन’च्या आधारें विमान उतरविण्यांत आलें. शेतांत पांच मीटर चुकले तर भांडण होतें. धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाच्या उंचींत चुकले तर जिवावर बेततें. म्हणूनच ‘चूक इतकी आहे’ एवढें सांगून ‘गगन’ थांबत नाहीं. ‘माझ्या या आंकड्यावर इतकाच विश्वास ठेवा’ हेंही तें सांगतें.

असें असलें तरी आकाश कधीं कधीं सर्व युक्त्यांस चकवितें. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, विशेषतः सूर्य तेजींत असतां, सूर्यास्तानंतर आयनांबरांत प्रचंड बुडबुडे उठतात. त्यांच्या पोटांत इलेक्ट्रॉन फार थोडे व कडेला दाट. त्यामुळें तारा लुकलुकावा तसा उपग्रहाचा निरोप थरथरतो व प्रसंगीं तुटतो. आपल्या शेजारीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या परिसरांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेनें या बुडबुड्यांचे वेध घेतले आहेत. रात्रीं सुमारें २५० किलोमीटर उंचीवर प्राणवायूचा जो अत्यंत फिका तांबडा प्रकाश असतो, त्याच्या छायाचित्रांत हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे सरकतांना दिसतात.

दुसरें संकट सौर वादळाचें. सप्टेंबर १८५९ मधील अतिप्रचंड वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत झाली. पुढें ट्रामगाड्या विजेवर चालणार म्हणून हें चुंबकीय वेधांचें काम अलिबागेस हलविलें. तेथें १९०४ पासून तें चालत आलें आहे. १० व ११ मे २०२४ रोजीं असेंच एक मोठें वादळ झालें, तेव्हां अमेरिकेंत उपग्रहांच्या आधारें पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ऐन हंगामांत अडून बसले, आणि आपल्याकडे लडाखांत हानले येथें रात्रीचें आकाश तांबूस दिसलें.

यावरून पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. फोनचा ठिपका वाट शोधण्यास ठीक, बांध ठरविण्यास नव्हे. १०० मीटर लांबीचा बांध पांच मीटर सरकला तर ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळ जवळ पांच गुंठे, इकडचे तिकडे होतात! मोजणी रीतसर करून घ्यावी. ती चालू असतां दोन्ही शेजाऱ्यांनीं हजर राहावें. आणि एखाद्या ठाऊक खुणेवर यंत्र ठेवून तें खरें बोलतें कीं नाहीं हें आधीं पाहावें. शंका आली तर निराळ्या वेळीं पुन्हां मोजावें. आकाश बदलतें, पण खरा कोपरा बदलत नाहीं.

ज्या शास्त्रज्ञांनीं हें साधलें, त्यांनीं यंत्रांत चूक नाहींच असा हट्ट धरला नाहीं. सत्य जेथें ठाऊक आहे तेथें उभें राहून त्यांनीं चूक मोजली, ती उघड सांगितली, आणि मगच ती वजा केली. रोज सकाळच्या प्रार्थनेंत आपण आपले दोष कबूल करितों, तेव्हां आपलीही रीत याहून निराळी नसावी. बांधावर उभ्या राहिलेल्या दोन भावांनीं एवढें ध्यानांत घेतलें, तर पुष्कळ वाद मोजणीच्या दिवशींच मिटतील.