ठेंगणी मोटार व उंच हांकणारा

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजरस्ता कर्नाळ्याची खिंड उतरून पेणवरून जातो, आणि वडखळ, नागोठणें हीं गांवें मागें टाकून सुकेळीच्या खिंडीपलीकडे कोलाडास पोहोंचतो. तेथून रोह्यास फांटा फुटतो. सुटीच्या दिवसांत या रस्त्यानें जमिनीशीं लगटून धांवणाऱ्या, दोनच माणसें बसतील अशा स्पोर्ट्स मोटारी अधूनमधून दिसतात. त्या दिसल्या कीं विद्यार्थी हातांतलें काम टाकून पाहात उभे राहतात, आणि मग दोन प्रश्न हटकून निघतात : हिचा वेग किती, आणि हिची किंमत किती ? तिसरा एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं : हिच्यांत बसणाऱ्याच्या डोक्यावर जागा किती उरते ? आज आमचे कांहीं विद्यार्थी सहा फुटांस पोहोंचले आहेत, आणि उद्यां त्यांतील कोणी स्वतःची म्हणून, तर कोणी पोटासाठीं दुसऱ्याची म्हणून मोटार हांकील. म्हणून या तिसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ठेंगण्या मोटारीची बाजू सांगणें न्यायाचें होईल. वस्तूचा गुरुत्वमध्य जितका खालीं, तितकी ती उलटणें कठीण, हें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आपण शिकलों आहों. ठेंगणी मोटार वळणावर कमी कलते, आणि तिला हवेचा अडथळाहि कमी होतो. तेव्हां तिचें ठेंगणेपण हा निवळ डौल नव्हे. परंतु मोटारीची जी उंची कमी होते, ती बहुधा आंत बसणाऱ्याच्या वांट्यांतूनच जाते.

आतां उंची म्हणजे कोणती उंची ? मोटारींत माणूस उभा राहात नाहीं, बसतो. म्हणून येथें बैठी उंची पाहावयाची. हा प्रयोग प्रत्येकानें घरीं करावा. सपाट बाकावर भिंतीस पाठ टेकून ताठ बसावें, डोक्यावर पाटी आडवी धरवून भिंतीवर खूण करावी, आणि बाकापासून खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. प्रौढ माणसाची बैठी उंची त्याच्या उभ्या उंचीच्या शेंकडा 52 च्या सुमारास भरते. परंतु हें सरासरीचें मान होय. एकाच उंचीचे दोघे वर्गबंधु घ्या. एकाचे पाय लांब असतील, दुसऱ्याचें धड लांब असेल, आणि दोघांच्या बैठ्या उंचींत एकदोन इंचांचा फरक सहज निघेल. "सहा फुटांचा मनुष्य हींत आरामांत बसतो," असें विकणाऱ्यानें सांगितलें, तरी तेवढ्यावर विसंबूं नये तें यामुळेंच.

आतां हिशेब करूं. एका मोटारीची एकंदर उंची 1,200 मिलिमीटर, म्हणजे 120 सेंटिमीटर आहे असें धरा. जमिनीपासून तिचा तळ 14 सेंटिमीटर वर, तळ व दबलेली गादी मिळून 12 सेंटिमीटर, आणि छप्पर व त्याचें अस्तर 5 सेंटिमीटर, असें मानल्यास आंत 89 सेंटिमीटर उरतात. सहा फुटांच्या, म्हणजे 183 सेंटिमीटर उंचीच्या माणसाची बैठी उंची सुमारें 95 सेंटिमीटर. तो ताठ बसूंच शकणार नाहीं. पाठ उभ्या रेषेपासून 25 अंश मागें कलविली, तर (त्रिकोणमिति शिकणाऱ्यांनीं कोज्येचें कोष्टक पाहावें) 95 चे 86 होतात, आणि डोक्यावर 3 सेंटिमीटर राहतात. 193 सेंटिमीटर उंचीच्या माणसास तेवढ्यानेंहि भागत नाहीं; त्यास पाठ 30 अंश कलवावी लागते, आणि तरीहि डोक्यावर दोनच सेंटिमीटर सुटतात. हा हिशेब स्थूल आहे, परंतु त्यांतील तत्त्व खरें आहे.

कोणी म्हणेल, "मग कलून बसावें; त्यांत बिघडलें काय ?" बिघडतें तें असें. सीटबेल्टचा पट्टा खांद्याच्या व छातीच्या हाडांवर आणि कमरेच्या हाडांवर घट्ट बसावा, अशी त्याची योजना असते. पाठ फार कलविली म्हणजे वरचा पट्टा छातीपासून सुटून राहतो, आणि टक्कर होतांच शरीर खालच्या पट्ट्याखालून पुढें घसरूं पाहतें. तसें झाल्यास तो पट्टा हाडांवरून सुटून मऊ पोटांत रुततो. शिवाय हात स्टिअरिंगच्या चाकापासून लांब पडतात. तें टाळावें म्हणून आसन पुढें ओढलें, तर गुडघे अडतात आणि छाती चाकाच्या फार जवळ येते. चाकांत हवेची पिशवी असेल तर छाती व चाक यांमध्यें निदान 25 सेंटिमीटर अंतर असावें असें तज्ज्ञ सांगतात. तात्पर्य, डोक्यासाठीं मिळविलेल्या प्रत्येक इंचाची किंमत शरीराच्या दुसऱ्या कोठल्या तरी भागास द्यावी लागते.

डोक्यावरची जागा ही केवळ सुखाची बाब नव्हे. खड्ड्यांत किंवा गतिरोधकावर गाडी आपटली कीं शरीर उसळतें. वर जागा नसेल तर डोकें छपरावर बसतें आणि तो आघात मानेच्या कण्यांतून खालीं उतरतो. गाडी उलटली तर पट्टा बांधलेला मनुष्यहि कांहीं इंच छपराकडे सरकतो, आणि त्याच वेळीं छप्पर आंत दबूं शकतें. ती रिकामी जागा म्हणजे अपघाताच्या क्षणासाठीं शिल्लक ठेवलेली पुंजी होय.

चांगल्या कारागिरांनीं ही अडचण निरनिराळ्या रीतींनीं सोडविली आहे. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची जी.टी. 40 ही शर्यतीची मोटार अवघी 40 इंच उंच होती; नांवांतील 40 हा आंकडा त्या उंचीचाच. 1967 सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डॅन गर्नी व ए. जे. फॉइट या जोडीनें त्याच घराण्यांतील चौथ्या नमुन्याच्या मोटारींतून जिंकली. गर्नी हा सहा फुटांहून बराच उंच. त्याचें शिरस्त्राण छपरास लागे. तेव्हां त्याला वांकवून बसविण्याऐवजीं त्याच्या डोक्यावरच्या छपरास एक फुगवटा काढण्यांत आला. इंग्लंडांतील जॅग्वार कंपनीनें 1961 सालीं ई-टाइप ही मोटार काढली, आणि उंच माणसांची अडचण होते असें दिसतांच 1962 पासून पायांखालचा तळ खोलगट केला. पहिल्यानें छप्पर वाढविलें, दुसऱ्यानें तळ उतरविला. पण माणूस कापतां येत नाहीं, हें दोघांनीहि ओळखलें.

आपल्याकडेहि दोन्ही तऱ्हांच्या मोटारी झाल्या आहेत. गोव्यांत सॅन मोटर्स कंपनीनें स्टॉर्म नांवाची दोन आसनांची, कापडी छपराची छोटी मोटार काढली होती. अशा उघड्या मोटारींत, पाठीमागें भक्कम कमान नसल्यास, गाडी उलटतांना डोक्यास आधार समोरच्या कांचेच्या चौकटीचाच. आणि उंच माणसाचें डोकें त्या चौकटीच्याहि वर निघतें. 2012 सालीं दिलीप छाब्रिया यांनीं दिल्लीच्या प्रदर्शनांत अवंती ही ठेंगणी मोटार मांडली. याच्या उलट, 2008 सालीं टाटांनीं दाखविलेली नॅनो लांबीनें अवघी 3.1 मीटर, परंतु उंचीनें 1.65 मीटर होती. तिच्यांत उंच मनुष्यहि ताठ बसे. लहान मोटार म्हणजे अडचणीची मोटार असें नव्हे, हें तिनें दाखविलें.

या रस्त्यापुरती आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें किती रस्ता दिसावा याचें गणित करितांना आपल्या देशांतील रस्त्यांचे अभियंते हांकणाऱ्याचा डोळा जमिनीपासून 1.2 मीटर उंच धरतात. ज्या मोटारीचें छप्परच तेवढें उंच, तिच्यांतील डोळा त्याहून खालीं असणार हें उघड आहे. म्हणून खिंडीच्या माथ्यावर पलीकडचें त्यास उशिरा दिसतें, आणि मालमोटारीच्या उंच आसनावरील चालकास तर जवळ आलेली ठेंगणी मोटार दिसतहि नाहीं. त्यांत हांकणारा उंच असेल तर त्याची दृष्टि कांचेच्या वरच्या कडेशीं अडते, आणि सिग्नलचा दिवा पाहण्यास त्यास मान वांकवावी लागते.

"पण सरकारी परीक्षेंत या मोटारीला तारे मिळाले आहेत," असें कोणी म्हणेल. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एन-कॅप ही परीक्षा सुरूं झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु समोरच्या टकरीच्या परीक्षेंत हांकणाऱ्याच्या जागीं बसवितात तो पुतळा मध्यम बांध्याच्या पुरुषाचा, सुमारें 175 सेंटिमीटर उंचीचा असतो. सव्वासहा फुटांच्या मुलानें ते तारे आपल्यासाठींच आहेत असें समजूं नये.

मग करावें काय ? मोटार घेण्यापूर्वीं, किंवा चालक म्हणून ती हातीं घेण्यापूर्वीं, तिच्यांत दहा मिनिटें बसून पाहावें. जोडे पायांत असूं द्यावे व पट्टा बांधावा. डोकें व छप्पर यांमध्यें आडवी मूठ सहज जाते काय, वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जाऊन छातीस चिकटतो काय, मागचा डोक्याचा टेका निदान कानांच्या वरच्या कडेपर्यंत येतो काय, आणि मान न वांकवितां पुढचें सर्व दिसतें काय, हें तपासावें. अगोदर आसन खालीं घेऊन पाहावें. पाठ कलविणें हा शेवटचा उपाय. इतकें करूनहि माप जुळलें नाहीं, तर ती मोटार आपली नव्हे असें मोकळ्या मनानें म्हणावें.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. पेणच्या मूर्तिकारांकडे येणारें गिऱ्हाईक घरच्या मखराची उंची आधीं मोजून आणतें. मुकुटासह मूर्ति आंत बसेल कीं नाहीं याची खात्री केल्यावांचून तें मूर्ति ठरवीत नाहीं. मातीच्या मूर्तीसाठीं जी काळजी आपण घेतों, ती आपल्या जित्याजागत्या मुलासाठीं घेण्यास आळस करूं नये. मोटारीचें रूप रस्त्यावरच्या लोकांनीं पाहावयाचें असतें. तिचें माप मात्र आंत बसणाऱ्यानेंच पाहिलें पाहिजे.