मेण, फुटाणे आणि ४६२

उज्जैनला बी.एस्सी.च्या मुलांना बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं. एन्ट्रॉपी मला थोडी भैरवगडच्या बाटिकवाल्यांकडे कळली, थोडी वर्गात तोंडघशी पडून.

१. 'एन्ट्रॉपी म्हणजे पसारा' असं सांगून मोकळं होऊ नये. मी व्हायचो. एकदा मुलांना भैरवगडला नेलं. छपाईवाल्या चाचांनी कढईतल्या वितळलेल्या मेणात कलम बुडवून कापडावर वेल काढली. रेघ आधी ओली, आरपार दिसणारी. बघता बघता दुधाळ होऊन थिजली. एका मुलीने विचारलं, "सर, मेणाचे रेणू तर शिस्तीत बसले. पसारा वाढला कुठे?" मी गप्प. चाचा म्हणाले, "हात लगाके देखो, कपडा गरम है." झालं की! मेणाची जेवढी घटली, त्याहून जास्त एन्ट्रॉपी कापडाची आणि हवेची वाढली होती.

२. ऊर्जेची वाटणी किती प्रकारे होते, यावर एन्ट्रॉपी ठरते; ते प्रकार मोजायचे तर लहान घ्यावं. आइन्स्टाइनने १९०७मध्ये घन पदार्थाचा साधा नमुना मांडला: अणू आपापल्या जागी थरथरतात आणि ऊर्जा ठरावीक, सारख्या पुड्यांतच घेतात. मी दोन तुकडे घेतले, प्रत्येकी तीन कंपकांचे, आणि सहा पुड्या. कंपक म्हणजे वाट्या, पुड्या म्हणजे फुटाणे.

३. फुटाणे डोळे मिटून वाट्यांत टाकायला लावू नयेत. तसे टाकले की सहाही पहिल्याच तुकड्यात पडणं ६४ वेळांत सरासरी एकदा. सूत्र म्हणतं, एकूण ४६२ प्रकारांत असे २८, म्हणजे सोळा-सतरांत एकदा. आठवडाभर मी मुलांच्या नोंदींना नावं ठेवली. चूक माझीच. टाकताना हा पहिला, हा दुसरा असा भेद उरतो. ऊर्जेच्या पुड्यांना नाव-गाव नसतं. मग सहा फुटाणे आणि पाच काड्या एका ओळीत मांडायला लावल्या. काडी म्हणजे दोन वाट्यांमधली भिंत. अकरा जागांतून काड्यांसाठी पाच निवडायच्या: बरोबर ४६२.

४. समतोलाचा तराजू कुणी हातात धरलेला नसतो. तीन-तीनची वाटणी १०० प्रकारे होते, म्हणजे जेमतेम २२ टक्के. एवढ्याशा खेळात गरम तुकडा आणखी गरम होतानाही दिसतो. किलोभर मेणात अणू एकावर सव्वीस शून्यं इतके. तिथे कापड गार पडून कढई तापल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

५. फुटाणे खारे आणू नयेत. सहाचे चार उरतात आणि ४६२चे १२६.