रिकामी भांडी : पाड्यावरच्या फुलदाण्यांचा पाठ

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७



हा पाठ घरी किंवा महिला मंडळात घेण्याआधी वरील शास्त्रभाग मिळून वाचावा. संदेष्ट्यांच्या एका शिष्याची विधवा अलीशाकडे येते. नवरा देवाचे भय धरणारा होता, पण मागे कर्ज ठेवून गेला. आता सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आला आहे. अलीशा तिच्या हातावर पैसे ठेवत नाही. घरात काय शिल्लक आहे, हे तो विचारतो. थोडेसे तेल, एवढेच असते. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला पाठवतो, आणि तीही पुष्कळ. दार लावून ती ओतत जाते, मुले भांडी पुढे करत जातात. भांडी संपतात तेव्हाच तेल थांबते. ते विकून कर्ज फिटते आणि मायलेकरांच्या पोटाचीही सोय होते.

आमच्या भागात ही गोष्ट जुनी वाटत नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर भातकापणी उरकली, दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर असते. मुलेही शाळा सोडून आईबापांबरोबर जातात. म्हणून एका पाड्यावरच्या बचत गटाने घरबसल्या करता येईल असे काम विचारले, तेव्हा आम्ही अलीशाचाच प्रश्न पुढे ठेवला : आपल्याकडे आहे काय? भाताचा पेंढा, बांबू, गेरू, तांदूळ आणि भिंतीवर वारली चित्रे काढणारे हात. शिवाय पाड्याभोवती पडलेल्या काचेच्या बाटल्या. काच मातीत कुजत नाही. फुटली की अनवाणी पोरांचे पाय कापतात, आणि आडबाजूला भंगारवालाही फिरकत नाही. त्यातून फुलदाण्या करायचे ठरले.

कृती

१. सरबत, सॉस, मध, लोणचे यांच्या बाटल्या व बरण्या घ्याव्यात. तडा गेलेली नको. कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची बाटली कितीही धुतली तरी वापरू नये.

२. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून बाटली रात्रभर बुडवून ठेवावी. कागद सुटतो. चिकटा राहिल्यास तेल व राख चोळून काढावा. मग साबणाने पुन्हा धुवावी, कारण तेलकट काचेवर काहीच चिकटत नाही. उपडी ठेवून पूर्ण वाळवावी.

३. बाटली कापू नये. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळून, पेटवून काच तोडण्याची रीत काही जण सांगतात. त्यात भाजण्याची आणि चिरण्याची भीती आहे. बाटलीला तोंड आहे तसेच राहू द्यावे.

४. गुळगुळीत काचेवर तांदळाचे पीठ टिकत नाही. म्हणून आधी वर्तमानपत्राचे तुकडे फेविकॉलने दोन थरांत चिकटवावेत. वाळल्यावर गेरूत थोडे फेविकॉल कालवून लेप द्यावा. तोही वाळला की तांदळाचे पीठ, पाणी व डिंक यांच्या पांढऱ्या रंगाने, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढावे.

५. चित्र काढायचे नसेल तर बुडापासून वर सुतळी घट्ट गुंडाळत न्यावी, प्रत्येक वेढ्याला फेविकॉल लावावे. तोंडाशी बोटभर काच मोकळी ठेवावी, नाहीतर पाणी झिरपून सुतळीला बुरशी येते.

६. एक दिवस सावलीत वाळवावे. कलंडू नये म्हणून तळाशी वाळू किंवा गोटे घालावेत. गेरूच्या फुलदाणीत पाणी घालू नये. तिच्यात भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसे, वाळलेले गवत शोभते.

चित्राविषयी एक सूचना. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर जो चौक काढतात, त्याला त्या समाजात धार्मिक अर्थ आहे. तो फुलदाणीवर काढून द्या, अशी मागणी आपण करू नये. शेत, झाडे, पाखरे, तारपा नाच ही चित्रे पुष्कळ आहेत. ही कला भिंतीवरून कागदावर आणणारे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या हातांकडे दयेने नव्हे, आदराने पाहावे.

आता मला मिळालेला धडा. पहिल्या वर्गाला जाताना मी मनात एक छोटे प्रवचन तयार केले होते : दारूची बाटली देवाच्या हाती आली की नवी होते. गोळा केलेल्या बाटल्यांत क्वार्टरच जास्त होत्या. मी एक बाटली एका बाईच्या हातात दिली. तिने ती खाली ठेवली. म्हणाली, "ही नको, ताई. हिनेच माझे घर खाल्ले." ती उठून ओट्यावर जाऊन बसली. माझे प्रवचन मनातच राहिले. तिचे दुःख मला उदाहरण म्हणून वापरायचे नव्हते, पण मी तेच करायला निघाले होते. पुढच्या आठवड्यात ती आपणहून आली, लोणच्याची बरणी उचलली आणि तिच्यावर भातलावणी काढली. तेव्हापासून बाटल्या मध्ये मांडून ठेवतो. जिला जी हवी ती तिने घ्यावी. अलीशानेही त्या विधवेला आधी विचारले होते, मग सांगितले.

खोटे चित्र मी रंगवणार नाही. फुलदाण्या विकून कुणाची सगळी उचल फिटलेली नाही. पण तेलमीठ आणि वह्यांचा खर्च निघाला, तर तेवढी उचल कमी घ्यावी लागते. भट्टीवर जायचे की नाही, हे ठरवताना त्या घराला तेवढे बळ मिळते.

त्या गोष्टीत शेजाऱ्यांची नावे नाहीत. त्यांनी तेल दिले नाही, कर्ज फेडले नाही. फक्त रिकामी भांडी दिली, पण त्यांच्यावाचून तेल मावले कशात असते? मंडळीचे काम तेच आहे. आपल्या घरातील बाटल्या फेकू नका. धुऊन, कागद काढून, गोणपाटात बांधून मंडळीत जमा करा. आणि फुलदाणी घ्याल तेव्हा भाव पाडू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. अलीशाने विधवेला पैसे न देता प्रश्न का विचारला असेल?
२. मदत करताना समोरच्याला आधी विचारतो का?
३. आपल्या घरी कोणते "रिकामे भांडे" पडून आहे?

प्रार्थना : हे प्रभू, पाड्यावरच्या आमच्या बहिणींच्या हातांना यश दे. कर्जाच्या ओझ्याखालील घरांची लेकरे शाळेत राहू देत. आम्हांला चांगले शेजारी कर. आमेन.