अतिचंचल बालक आणि घर

देवणी तालुक्यातील शाळांना भेटी देताना ‘पोरगं एका जागी बसत नाही’ ही पालकांची तक्रार वारंवार कानी येते. प्रत्येक खोडकर मूल विकारग्रस्त नसते. परंतु वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसू लागलेली, घरी व शाळेत निदान 6 महिने टिकलेली आणि अभ्यासाच्या आड येणारी चंचलता ही अवधान-न्यूनता व अतिचंचलता असू शकते. त्यात दोष मुलाचा नव्हे, आईबापांचाही नव्हे.

‘हातपाय धू, दप्तर आवर, शेळीला पाला घाल’ असे एका दमात सांगितल्यास असे मूल पुढची दोन कामे विसरते, आणि मार खाते. माराने अवधान वाढत नाही. शाळेची धास्ती मात्र वाढते. म्हणून :

1. जवळ जाऊन, नजरेस नजर देऊन एकच काम सांगावे.
2. जेवण, अभ्यास व झोप यांच्या वेळा ठराविक असाव्यात.
3. दहा मिनिटे अभ्यास, मग थोडी धावपळ, असा क्रम ठेवावा.
4. काम होताच तत्क्षणी शाबासकी द्यावी.

निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे. 2013 साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचीही तपासणी अंतर्भूत आहे. शाळेत पथक येईल तेव्हा शिक्षकांनी अशा बालकाची नोंद आवर्जून करून द्यावी, व वरील चार गोष्टी पालकसभेत समजावून सांगाव्यात.